पाणंदीतले काटे

लोह्याहून निघताना सायकलला दोन पाण्याच्या बाटल्या होत्या, मागे कपड्यांची पिशवी होती आणि डोक्यात एकच अट होती: डांबराला शिवायचं नाही. मुरुमाचे रस्ते, शेतांमधल्या पाणंदी, नदीकाठच्या गाडीवाटा, जे काही खडबडीत असेल ते चालेल. ही अट माझी नव्हे, विजयाची. साताऱ्यात आम्ही सात जणी रोज सकाळी सायकल चालवतो, सगळ्या पन्नाशी ओलांडलेल्या. गेल्या वर्षी विजयाला महामार्गावर एका टेम्पोनं आडवं केलं. तिचा हात बरा झाला, पण धीर काही बरा झाला नाही. "गाड्या नसतील असा रस्ता दाखव, मग येते," एवढं म्हणून तिनं सायकल माळ्यावर टाकली. म्हणून मी एकटी आधी वाट बघायला आले होते. माझी भाची लोह्याला दिलेली आहे. तिच्या नवऱ्याला आजूबाजूच्या तालुक्यांतलं शेत न् शेत ठाऊक, आणि त्यानं कागदावर शिरूर अनंतपाळपर्यंतची वाट काढून दिली होती.

निघायच्या आदल्या दिवशी भाचीच्या सासूबाई म्हणाल्या, "परवा अमावशा हाय. येळवस. ती करून जावा की."

मी म्हटलं, "आम्ही अमावास्या वगैरे पाळत नाही."

त्या पदर तोंडाला लावून हसल्या. माझ्या शहाणपणाची ही सुरुवात होती.

पहिला दिवस मात्र सोन्यासारखा गेला. मन्याड नदीच्या अंगाअंगानं वाट जाते. आमच्याकडे रस्ता म्हटला की एका बाजूला डोंगर न् दुसऱ्या बाजूला दरी. इथं दोन्हीकडे आभाळच. काळ्या रानात ज्वारी कमरेला लागलेली, हरभरा घाट्यांवर आलेला, आणि तुरीच्या शेंगा वाऱ्यानं खुळखुळत होत्या. तास-दीड तासात एक मोटरसायकल आणि एक बैलगाडी भेटली. बैलगाडीवाल्यानं आधी सायकलकडे, मग माझ्या पांढऱ्या केसांकडे आणि मग पुन्हा सायकलकडे बघितलं. "एकल्याच?" म्हणाला. मी हो म्हटलं. "घरी भांडण न्हाई ना झालं?" म्हणाला आणि खात्री पटल्यावरच बैल हाकलले.

दुपारी दोन्ही चाकं एकदम बसली. सराटे (जमिनीलगत वाढणाऱ्या वेलीचे काटे) टायरात डझनानं रुतले होते. शेळ्या चारणारा एक म्हातारा शेजारी उकिडवा बसला आणि त्यानं नखानं एकेक सराटा उपसून दिला. "गवतात घालायची न्हाई गाडी," त्यानं समजावलं, "जिथं शेळी तोंड घालत न्हाई तिथं आपुन चाक घालू न्हाई." त्याला पाणी दिलं तर घोटभरच घेतलं. संध्याकाळी अहमदपूरला पोचले आणि लॉजवर पाय पसरून नकाशावर खुशाल लिहिलं: विजयाला चालेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी अहमदपूर सोडलं आणि एकेक गोष्ट चमत्कारिक घडायला लागली. पहिल्या गावात चहाचं दुकान बंद. दुसऱ्या गावात सगळीच दारं बंद, पारावर एक कुत्रं. मी एक डांबरी रस्ता ओलांडला, तर त्यावर चिटपाखरू नाही. तिथं सतरंजी टाकून झोपता आलं असतं. आणि माझी निवांत पाणंद? तिथं जत्रा उसळली होती. एका मोटरसायकलवर चार-चार माणसं, वर टोपल्या. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बायकापोरांनी भरलेल्या. पुण्या-मुंबईच्या नंबराच्या चारचाकी धुरळा उडवत शेताकडे निघालेल्या. मी कडेला उभी राहून धूळ खात होते आणि प्रत्येक जण ओरडत होता, "चला मावशी, जेवायला चला!"

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. येळवस म्हणजे वेळ अमावास्या, आणि या मुलखात त्या दिवशी गावं ओस पडतात नि रानं भरतात. शेतात कडब्याची कोप (पेंढ्यांचं खोपटं) करून आत पाच दगड मांडतात, ते पांडव. त्यांना नैवेद्य दाखवायचा, शेताच्या चारी बाजूंनी आंबील शिंपायची आणि मग येणाऱ्या-जाणाऱ्याला जेवू घालायचं. वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस ज्या वाटेवर कुणी नसतं, त्या वाटेवर मी नेमकी उरलेल्या दिवशी आले होते. सासूबाई हसल्या त्या उगाच नव्हे.

पोटात कावळे ओरडत होते आणि वाट विचारायला एका शेतात शिरले. चाळिशीची एक बाई धावतच आली. तिचं नाव मंगल. तिनं माझं काही ऐकायच्या आधी हात धुवायला पाणी दिलं. तिचा नवरा दत्ता कोपीपाशी पाहुण्यांना वाढत होता. माझ्यापुढं भज्जी आली. तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे ओले दाणे, मेथी, गाजर, हाताला लागेल ते सगळं डाळीच्या पिठात शिजवलेलं. सोबत बाजरीचे उंडे (वाफवलेले गोळे) आणि मडक्यातली थंडगार आंबील (ताकात आंबवलेलं ज्वारीचं पीठ). मी लाज सोडून जेवले. तिसऱ्यांदा आंबील मागितली तेव्हा मंगलच्या चेहऱ्यावर पदक मिळाल्याचा आनंद होता.

जेवण झाल्यावर नकाशा काढला. "ही पाणंद सरळ पुढच्या रस्त्याला लागते ना?"

दत्ता उठून पाणी आणायला निघून गेला. मंगलनं खाली बघितलं.

"लागत व्हती. बंद हाय आता. म्होरं भावजींनी काटे टाकलेत."

मग तिनं हळू आवाजात सांगितलं. पुढचं शेत दत्ताच्या थोरल्या भावाचं, बळीरामचं. दोन वर्षांपूर्वी पेरणीच्या वेळी भाड्याच्या ट्रॅक्टरवाल्यानं बांध कोरला. एकच तास (नांगराची एक ओळ), पण थोरल्याच्या बाजूनं. दत्ताला ते रात्री समजलं, थोरल्याला सकाळी दिसलं, आणि आधी जाऊन सांगायचं ते दत्ताकडून राहिलं. "तेवढंच चुकलं बघा. बांध तर ह्यांनी दुसऱ्याच दिवशी हातानं भरून काढला. पण भावजी म्हणले, बोलला न्हाईस म्हंजे तुझ्या मनात व्हतं." दुसऱ्या आठवड्यात पाणंदीत बाभळीचे काटे पडले. तेव्हापासून बोलणं बंद.

"मग तुम्ही जाता-येता कशा?"

"तुमी आलात त्या बाजूनं पायवाट हाय, नाल्यातून. माणूस जातंय, सायकल जाती. पण तूर आली की हडंबा (मळणीचं यंत्र) कसा आणावा? मागल्या साली डोक्यावर पेंढ्या वाहिल्या चारशे पावलं. ह्यांची कंबर गेली. अवंदा तर तूर डोंगरावानी आलीय." ती तुरीकडं बघत होती. वीस-पंचवीस दिवसांत कापणीला येणार हे मलाही दिसत होतं. चांगलं पीक आल्याची कुणाला धास्ती वाटावी, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

मी निघाले तेव्हा तिनं माझा फोन नंबर मागून घेतला, मग एक स्टीलचा डबा आणला आणि नवऱ्याकडं पाठ करून माझ्या पिशवीत घातला. "आधी एकच कोप व्हती आमची, एकच मडकं. अक्काला, म्हंजे माझ्या जाऊबाईला, माझ्या हातची भज्जी लई आवडती. द्याल का?"

मी तीस वर्षं पोस्टात काढली. पोचवायची वस्तू मी परत केलेली नाही.

काटे खरंच पुरुषभर उंच होते. पलीकडून धोतर नेसलेला, पंचावन्नचा एक माणूस माझ्याकडं बघत होता. बळीराम तोच.

"बाई, सायकल तिथंच ऱ्हावू द्या. बाजूच्या चरातून या जेवायला."

"सायकल सोडून मी येत नाही," मी म्हटलं. "आणि चरात उतरायला माझा गुडघा तयार नाही."

तो पेचात सापडला. येळवशीच्या दिवशी बांधावर आलेलं माणूस उपाशी परत पाठवायचं नसतं. मी नुकतीच तीन वाट्या आंबील पिऊन आले होते हे मी अर्थातच सांगितलं नाही. त्यानं बेळकं (काटे ओढायची दोन फाट्यांची काठी) आणलं आणि सायकलीपुरती वाट केली. सायकलीपुरतीच, वीतभर जास्त नाही.

त्याची बायको, सुशीलाअक्का, कोपीच्या दारात होती. मी डबा तिच्या हातात दिला. तिनं कुठून आला विचारलं नाही. झाकण उघडून नुसता वास घेतला आणि तिचे डोळे भरले. बळीरामनं सगळं बघितलं आणि दुसरीकडं तोंड केलं. पंगत बसली तेव्हा अक्कानं त्याच्या ताटात दोन चमचे वाढले, एक त्या डब्यातला, एक आपल्या पातेल्यातला. दोन्ही त्यानं संपवले.

मग तो बेळकं घेऊन उठला. आता काटे परत लागणार, हे मी धरूनच चालले. पण अक्का त्याच्या आधी उठली होती. तिनं तोच डबा आंबिलीनं भरला, डोक्यावर पदर घेतला आणि त्या फटीतून सरळ पलीकडं चालती झाली. दोन वर्षांत पहिल्यांदा.

"अगं ए!" बळीराम ओरडला.

"आलेच," ती म्हणाली, आणि वळून बघितलं नाही.

बायको पलीकडं आणि बेळकं हातात, अशा अवस्थेत तो माणूस उन्हात उभा राहिला. काटे लावावेत तर तिला कोंडल्यासारखं होणार. न लावावेत तर हार. मी पाऊण तास थांबले. पलीकडून दोघी जावांचं हसणं येत होतं आणि अक्काचं 'आलेच' काही संपत नव्हतं. शेवटी ऊन कललं म्हणून मी निरोप घेतला.

"रस्ता बरा आहे का पुढं?" मी उगाच विचारलं.

"सरळ हाय," तो म्हणाला. "आमच्याकडं रस्ते सरळच हायेत बाई. माणसंच जरा वाकडी."

शिरूर अनंतपाळच्या अलीकडं घरणी नदीशी थांबून तोंड धुतलं. वाटेत प्रत्येक शेतातून हाका येत होत्या; मी हात जोडत, पोटावर हात फिरवत पुढं जात राहिले. दिवेलागणीच्या आत गावात पोचले.

घरी आल्यावर मैत्रिणी नकाशावर तुटून पडल्या. त्या चारशे पावलांच्या जागी मी पेन टेकवू शकले नाही. रस्ता आहे म्हणावं की नाही? प्रवासाला जाऊन आलेलं माणूस रस्ता सांगतं ते मुरुमाचा की मातीचा, चढ किती, पाणी कुठं. तो कुणाच्या मनावर अवलंबून आहे हे नकाशात कुठं लिहायचं, ते मला ठाऊक नव्हतं. विजया म्हणाली, "कोरं ठेव तेवढं." मी कोरं ठेवलं.

महिन्याभरानं मंगलचा फोन आला. मागं इतका घरघराट होता की पहिली दोन वाक्यं कळलीच नाहीत.

"हडंबा आलाय मावशी!" ती ओरडून सांगत होती. "पाणंदीतनं आला! भावजी म्हणले, तूर निघूपत्तोर येऊ द्या, मग काटे परत लावतो म्हणून!"

"मग गं?" मीही ओरडूनच विचारलं.

"मग काय! काटे हायेत कुठं?" ती हसतच सुटली. "भावजी येळवशीपासनं तिकडं फिरकले न्हाईत, अन् अक्कानं रोज आंघोळीचं पाणी तापवायला सगळे जाळले की. त्यास्नी अजून म्हाईत न्हाई."