वेळेवर येणारा सभासद

आमच्या शाळा बचाव समितीच्या बैठकीला वेळेवर येणारा एकच माणूस होता, आणि तो पोलिसांचा होता. हे कळायला मला अख्खा हिवाळा लागला. तसं कळलं तर कोणालाच नव्हतं, पण अध्यक्ष मी होते, त्यामुळे मूर्खपणातही पहिला मान माझाच.

तेव्हा मी तरुण होते. म्हणजे साठी नुकतीच ओलांडली होती, गुडघे माझं ऐकत होते आणि टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यामुळे दिवसभर करायला काही नव्हतं. आता सत्तरीत त्या पोरीकडे बघून मनसोक्त हसता येतं. काय तिची ऐट! खादीची साडी, खांद्याला झोळी, आणि तोंडात ‘व्यवस्था’, ‘दडपशाही’ असले शब्द. वर्षभरापूर्वीपर्यंत हेच शब्द वर्तमानपत्रात दिसले की ती पान उलटून राशिभविष्य वाचायची.

सुरुवात याडीमुळे झाली. राळेगावच्या रस्त्याला आतल्या अंगाला बंजाऱ्यांचा तांडा आहे. तिथली ही बाई यवतमाळात आमच्या गल्लीत कधी सीताफळं, कधी तुरीच्या शेंगा विकायला यायची. याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. ती माझ्याहून लहान, तरी सगळी गल्ली तिला याडी म्हणे, मग मीही. एक दिवस तिनं टोपली ओट्यावर ठेवली आणि भाव न सांगताच बसून राहिली.

“काय झालं याडी?”

“आमची शाळा बंद करून राह्यले, बाई. पोरं कमी हायेत म्हणते. नातीले नाल्यापलीकडच्या गावात धाडा म्हणते.”

“मग जाईल की. कितीसं लांब आहे?”

याडीनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी शेंगांचा भाव अर्धा करून मागितला होता. “पावसाळ्यात नाल्याले पाणी राह्यते, बाई. माह्या पोरीच्या टायमाले तांड्यात शाळाच नव्हती. नाल्यापायी ते दुसरीतूनच घरी बसली. आता नात पहिलीत हाय. तिले नाई बसू द्यायची मले.”

झालं. दुपारपर्यंत मी समिती काढली होती आणि संध्याकाळपर्यंत स्वतःला अध्यक्ष नेमलं होतं.

पहिली बैठक आमच्या बैठकीच्या खोलीत झाली. तांड्यावरून बाया आल्या, कॉलनीतून माझ्या दोन-तीन मैत्रिणी आल्या, आणि दाराजवळ एक चौकड्याच्या शर्टातला माणूस येऊन बसला. तांड्याच्या बायांना वाटलं, हा बाईंचा भाचा असेल. मला वाटलं, हा तांड्याचाच कोणी शिकलेला पोरगा असेल. मैत्रिणींना काहीच वाटलं नाही, त्या चहाची वाट बघत होत्या. इतका कामसू माणूस मी पाहिला नव्हता. सतरंजी अंथरायचा, चहाचा ट्रे फिरवायचा, फोटो काढायचा. जाताना उंबऱ्याबाहेरच्या चपलांवरून एक नजर फिरवायचा. मला वाटे, किती नीटनेटका! तो चपलांच्या जोड्या मोजून हजेरी घेत होता, हे पुढे कळलं.

व्हॉट्सॲपचा ग्रुप काढायचं ठरलं, तर मला तो काढता येईना. “द्या आजी,” असं म्हणून त्यानं माझ्या हातून फोन घेतला, ग्रुप काढला, सगळ्या बायांचे नंबर टाकले आणि अ‍ॅडमिन म्हणून स्वतःलाही टाकून घेतलं. मी टाळ्या वाजवायला लावल्या. सरकारी खात्याला नागरिकांची इतकी व्यवस्थित माहिती, तीही टाळ्यांसकट, दुसऱ्या कोणी दिली असेल असं वाटत नाही.

आणि याच काळात मी काय करत होते? तर हेर शोधत होते. समोरच्या घरात एक तरुण भाडेकरू आला होता. खिडकीत लॅपटॉप घेऊन बसायचा. माझी खात्री पटली, हा आपल्यावर पाळत ठेवतोय. मी त्याच्या बाजूचे पडदे लावून घेतले, संक्रांतीला सगळ्या गल्लीला तिळगूळ दिला आणि त्याचं घर तेवढं वगळलं. बिचारा बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करत होता.

शिवाय मी टेलिफोन खात्यातली, ट्रंक कॉलच्या बोर्डावर उमर घालवलेली. मोबाइलमध्ये जरा खरखर झाली की आमच्या यांना सांगायची, “ऐका, कोणीतरी ऐकतंय.” हे म्हणायचे, “रेंज नसंन.” पण मी कसली ऐकते. फोनवर सांकेतिक भाषा सुरू केली. मोर्चा म्हणजे लोणचं, बाया म्हणजे बरण्या. एकदा मोर्चाच्या तयारीची बैठक होती म्हणून याडीला फोन केला, “परवा लोणचं घालायचं ठरलं. जमतील तेवढ्या बरण्या घेऊन ये.”

परवा याडी पोतंभर लिंबं घेऊन एकटीच आली.

“अगं, बाया कुठायत?”

“तुम्ही तं लोणचं म्हणलं. बाया कायले पाह्यजे? दोघी घालू न.”

दाराजवळून चौकड्याचा शर्ट हळूच म्हणाला, “मावशी, लोणचं म्हणजे मोर्चा.” माझी भाषा एकट्या त्यालाच कळत होती. मी त्याचं कौतुक केलं.

त्याचं बिंग फोडलं आमच्या यांनी, तेही नकळत. हे कलेक्टर कचेरीतून निवृत्त झालेले. बैठक असली की हे बागेत निघून जायचे, पेन्शनला बैठकीचा वारा लागू नये म्हणून. एका दिवशी थंडीनं घरीच राहिले आणि पाण्याचा तांब्या घ्यायला बाहेर आले. चौकड्याचा शर्ट ताडकन उठून उभा राहिला.

“नमस्कार साहेब.”

“अरे, तू?” हे खूश झाले. “अजून पोलिसांच्या गोपनीय शाखेलेच हायेस का? कचेरीवर मोर्चा आला की आमच्या खिडकीखालीच उभा राहे हा. बस, बस.”

पहिली हसली ती याडी. “तरीच म्हणलं, बाईचा भाचा इतका कामाचा कसा!”

मी मात्र ताठ उभी राहिले. अध्यक्षाला शोभेल असा आवाज काढला. “म्हणजे तुम्ही आमच्यावर पाळत ठेवत होता?”

“पाळत कायची, आजी? ड्युटी हाय माही. कोण कुठी बसून राह्यलं, काय बोलून राह्यलं, रोज वर सांगा लागते. म्या पह्यल्याच दिवशी सांगितलं असतं. कोणी विचारलंच नाई.”

“आणि अशा किती ठिकाणी जाता?”

“लई. भजनी मंडळातबी जातो.”

“तिथं काय सापडतं?”

“प्रसाद.”

“आणि सत्तेवाल्यांच्या बैठकीला?”

“तिथं जायची गरज नाई पडत, आजी. तिथून आमालेच फोन येते.”

टीव्हीवर हल्ली टाय लावलेली माणसं घसा बसेपर्यंत भांडतात, की सरकार विरोधात बोलणाऱ्यांवर गुपचूप नजर ठेवतं का. मला हसू येतं. गुपचूप? अहो, आमच्याकडच्यानं साखर कमी घालायला सांगितली होती.

पण त्या वेळी हसायचं सुचलं नाही. लवकरच मंत्री यवतमाळात येणार होते. शाळा बंद करायचा कागद त्यांच्या सहीसाठी थांबला आहे असं आम्हाला कळलं होतं. आमचं ठरलं, लोहाऱ्याच्या फाट्यावर तांड्याच्या पोरांना घेऊन उभं राहायचं, गाडी अडवायची आणि साहेबांना सांगायचं, दोन मिनिटं उतरा आणि यांच्या पायांकडे बघा, हे पाय नाला ओलांडतील का.

आता मी हेरावर कुरघोडी करायची ठरवलं. ग्रुपवर मुद्दाम टाकलं की आम्ही एसटी स्टँडवर जमणार. खरी जागा तोंडी कळवली. कोणाचंही तोंड फुटलं नाही, अगदी मैत्रिणींचंसुद्धा. फक्त मीच, पोरांना डांबरावर बसवायचं कसं म्हणून, मंडपवाल्याकडे जाऊन माझ्या नावानं लोहाऱ्याच्या फाट्यावर दोन सतरंज्या पोचवायला सांगितल्या. मंत्र्यांच्या सभेचा मंडपही तोच घालत होता. गावात चांगला मंडपवाला एकच, त्याला मी काय करू?

सकाळी दारात दोन पोलीस बायका उभ्या. “आजी, आज घरीच राहा. वरून आदेश आहे.” मी घोषणा द्यायला तोंड उघडलं, तर त्यातली एक म्हणाली, “आत येऊन बसलं तर चालंन का? पाय दुखून राह्यले.” मग मी पोहे केले. त्यांनी लिंबाच्या लोणच्याची फोड मागून घेतली, कृतीही विचारून घेतली. मंत्र्यांचं हेलिकॉप्टर उडाल्याचा फोन आला तेव्हा त्या कपबश्या विसळून निघून गेल्या.

पुढचे दोन दिवस मी कॉलनीभर माझ्या स्थानबद्धतेची कहाणी सांगत फिरले. दर घरी पोलिसांची संख्या वाढत होती. तिसऱ्या दिवशी याडी आली. टोपली नव्हती, नुसतीच आली होती.

तिला आणि चार बायांना उजाडायच्या आतच गाडीत घालून नेलं होतं. दिवसभर ठाण्याच्या फरशीवर बसवलं. समोरून फोटो, बाजूनं फोटो, अंगठे. पोहे नव्हते. सुटताना एका साहेबानं तिला सांगितलं होतं, “नातीच्या शाळेसाठी भांडून राह्यली न? उद्या तेच नात नोकरीले लागली तं चौकशीत आजीचं नाव निघन.”

“खरंच निघते का, बाई?” याडीनं विचारलं.

व्यवस्था आणि दडपशाहीवर भाषण देणाऱ्या त्या बाईनं चहा टाकला.

पुढच्या बैठकीला चौकड्याचा शर्ट आलाच, वेळेवर. मी त्याला दारातच गाठलं. “मला पोलीस बायका आणि हिला फरशी, काहून?”

तो चपलांकडे बघत राहिला. “तुमच्या दारात गाडी लावली तं कॉलनीतले वकील येते, आजी. तांड्यावर कोण येते?” मग म्हणाला, “पण साहेबानं इचारलं, बाया इतक्या कायले पेटल्या? म्या नाल्याचं सांगितलं.”

आणि काय सांगू, आठवड्याच्या आत दोन अधिकारी येऊन नाला बघून गेले. शाळा ‘पुढील आदेशापर्यंत’ चालू राहिली. आमचे इतके अर्ज गेले, एकही कोणी उघडला नव्हता. आमच्यावरची खबर मात्र त्यांनी मन लावून वाचली. तेव्हापासून कोणी मला विचारलं की सरकारपर्यंत म्हणणं पोचवायचं कसं, तर मी सांगते, एखादा चांगला हेर बघा आणि त्याला चहा पाजा.

पुढील आदेश अजून आलेला नाही. याडीची गाडी मात्र चुकली नाही. कोणीही मोठा माणूस यवतमाळात येवो, आदल्या रात्री तांड्यावर निरोप जातो आणि सकाळी याडी ठाण्यात असते. त्या मोठ्या माणसाविषयी तिला काही म्हणायचं आहे की नाही, हे कोणी विचारत नाही. आणि नात आता दहावीत आहे. रोज पहाटे तांड्याच्या रस्त्यावर धावते. कशासाठी? तर बारावीनंतर पोलीस भरतीसाठी! याडी तिचं धावणं ओट्यावरून बघते आणि मला फोनवर तोच प्रश्न विचारते. “निघते का हो, बाई?”

यंदाच्या हिवाळ्यात पुन्हा कोणी मोठे येणार होते. दर वेळी आदल्या दिवशीच ‘आजी, उद्या घरी राहा’ सांगायला कोणीतरी येई; या वेळी आमच्या दारात कोणी आलं नाही. पोह्यांचे कांदे चिरून मी वाट बघत बसले. शेवटी चौकड्याच्या शर्टाला फोन केला. आता त्याला बढती मिळाली आहे आणि पोटही सुटलं आहे.

“आजी, तुमचं नाव काढलं यादीतून.”

“काहून?”

“वय झालं न. वरून शेरा आला, यांच्यापासून काही धोका नाई.”

इतका अपमान माझा सासूबाईंनीसुद्धा केला नव्हता. मी झोळी उचलली, यांना म्हटलं, “कांदे चिरलेत, पोहे तुम्ही करा,” आणि संध्याकाळची एसटी धरून तांड्यावर गेले.

सकाळी गाडी आली तेव्हा याडीनं तुरीच्या शेंगांची टोपली आधीच बाहेर काढून ठेवली होती. दिवस वाया कशाला घालवायचा, ठाण्यातही गिऱ्हाईक असतंच. नात धावून आली होती, घामेजलेली, गाडीकडे बघत उभी. गाडीतली पोलीस पोरगी तिच्या बुटांकडे बघून म्हणाली, “भरती का?” नातीनं मान हलवली. “गोळाफेकीवर लक्ष दे. माहे मार्क तिथंच गेलते.” आणि मग नजर चुकवत तिनंच याडीला हात देऊन गाडीत चढवलं.

याडीच्या मागोमाग मी चढले.

“आजी, तुम्ही नाही. तुमचं नाव नाही आमच्याकडे.”

“असू दे.”

“उतरा आजी, मले बोलणे बसतीन.”

“चढताना जमलं, बाई,” मी म्हटलं, “उतरताना गुडघे ऐकत नाहीत.”

ठाण्याची फरशी हिवाळ्यात किती गार असते, ते मला त्या दिवशी कळलं. याडीनं टोपलीवरचं पोतं काढून माझ्याखाली सरकवलं आणि शेंगा निवडायला घेतल्या. टेबलामागच्या हवालदारानं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“या कोण?”

“आमच्या अध्यक्ष,” याडी म्हणाली. “बाईचं नाव माह्या नावाच्या वर लिहा, साहेब. नातीची चौकशी निघाली तं पह्यले बाईच्या घरी जा. पोहे चांगले करते.”