धावदोरा

मास्तरांना कुणाच्याही अंगाचं माप नजरेनं कळायचं. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढत असतानाच त्याचा डावा खांदा अर्धा इंच खाली आहे, हे त्यांनी मनात टिपून ठेवलेलं असायचं. स्वतःच्या अंगाकडे मात्र त्यांनी चौतीस वर्षं ढुंकून पाहिलं नव्हतं. शिलाईच्या पायमशीनवर बसून बसून पोट कधी पुढे आलं आणि दम कधी मागे राहिला, याचा त्यांना पत्ताच नव्हता.

तो लागला गेल्या सुट्टीत. मुलीची मुलगी, सहा वर्षांची, तळ्याकाठच्या रस्त्यावर सायकल शिकत होती. उतार आला, सायकल सुटली, आणि मास्तर दहा पावलांतच गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत उभे राहिले. नात त्यांच्या डोळ्यांदेखत पडली. हनुवटीला तीन टाके घालावे लागले. नातीचं काय, ती चार दिवसांत ते टाके ऐटीत दाखवत फिरू लागली. मास्तरांच्या मनातून मात्र ती दहा पावलं जाईनात. पुढच्या सुट्टीत तळ्याला अख्खी फेरी मारू, तू सायकलवर आणि मी शेजारी धावत, असा शब्द त्यांनी तिला देऊन टाकला.

शब्द द्यायला जीभ पुरते, धावायला पाय लागतात, हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं. पोटऱ्या अशा धरल्या की जिना उतरताना ते कठड्याला धरून आडवे चालायचे. पळताना कुशीत कळ यायची. त्यात बुटांची भर. बूटवाल्यानं बिचाऱ्यानं एक नंबर मोठा घ्या म्हणून सांगितलं होतं. मास्तरांनी खिशातून टेप काढून स्वतःचं पाऊल मोजलं आणि ढगळ काम आपल्याला चालत नाही म्हणून त्यालाच सुनावलं. पोरींच्या फ्रॉकात वाढीसाठी दोन बोटं कापड सोडणारा हा माणूस, स्वतःच्या अंगठ्याला सूतभर जागा ठेवीना. पंधरा दिवसांत नख काळंठिक्कर पडलं.

एवढ्यावर शहाणा माणूस थांबला असता. मास्तरांना एके सकाळी जरा हलकं वाटलं, तर त्यांनी दुप्पट अंतर पळून टाकलं. दुसऱ्या दिवसापासून उजवी नडगी ठणकू लागली. पाऊल टेकलं की हाडातून कळ मस्तकात जायची. घरात त्यांनी ब्र काढला नाही. सुट्टीला अडीच महिने उरले होते, आणि बायकोला कळलं तर ती बूट माळ्यावर टाकेल, याची त्यांना खात्री होती.

पण मशीन चुगलखोर निघालं. बायको त्याच खोलीत खिडकीशी बसून काजं-बटणं करायची. तीस वर्षं तिनं त्या मशीनचा आवाज ऐकला होता. तो मध्येच अडखळू लागला, तेव्हा तिनं मान वर न करता विचारलं, "अहो, कुठला पाय दुखतोय?"

मास्तर म्हणाले, मशीनला तेल हवंय. बायकोनं तेलाची कुपी आणली आणि सरळ त्यांच्या पायाशी ठेवली.

ती त्यांना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्या व्यायामानं दुखणी बरी करायच्या. त्यांनी नडगीवर अंगठा दाबला आणि मास्तरांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. बाईंनी सांगितलं, हाड मोडलेलं नाही, पण तुम्ही त्याला सवय व्हायला वेळच दिला नाही. दोन आठवडे धावायचं नाही. पायरीवर उभं राहून टाचा वर-खाली करायच्या, मोठे बूट घ्यायचे. मग एक मिनिट धावायचं, दोन मिनिटं चालायचं. न दुखता जमलं तरच धावणं हळूहळू वाढवायचं.

 घरी आल्यावर मास्तर भडकलेच. एक मिनिट धावून दोन मिनिटं चालायचं, हे काय धावणं झालं? पोरीला काय सांगू, आजोबा मध्येच मोडतात म्हणून?  मग ते हळूच म्हणाले, "अगं, ती पडली तेव्हा मी नुसता बघत उभा होतो."

 बायकोच्या मांडीवर एक कोट होता, कच्च्या शिलाईसाठी घेतलेला. तो तिनं त्यांच्यासमोर धरला.

"याला काय म्हणतात?"

"धावदोरा."

"मग धावतोय ना दोरा? एकदा वर दिसतो, एकदा खाली जातो. खाली जातो तेव्हा तो थांबला, असं म्हणता का तुम्ही?"

मास्तरांनी त्या टाक्यांवरून अंगठा फिरवला. आयुष्यभर हा शब्द त्यांच्या तोंडी होता आणि तो त्यांना आज ऐकू आला. दुसऱ्या दिवशी ते मुकाट्यानं बूट बदलायला गेले. बूटवाला हसला नाही, हा त्याचा चांगुलपणा.

सुट्टी लागली तेव्हा मास्तर चार मिनिटं धावत आणि दोन मिनिटं चालत. नातीला त्यांनी तळ्यावरच सगळं समजावलं: हा वरचा टाका, हा खालचा. तिला ते लगेच पटलं. टाक्यांतलं तिला कळतं, असं तिचं म्हणणं होतं. अर्धी फेरी छान झाली. मग तो उतार आला, आणि नेमका मास्तरांचा चालायचा टाका सुरू झाला. सायकल पुढे सरकली.  घड्याळ, नडगी, डॉक्टरीणबाई, सगळं विसरून मास्तर धावत सुटले.

नातीनं उताराच्या मध्यावर ब्रेक दाबला, एक पाय टेकला आणि मागे वळून पाहिलं.

"आजोबा, खालचा टाका चालू आहे ना तुमचा? सावकाश या. मी थांबलेय."

मास्तर थांबले. हनुवटीवरचा तो बारीक व्रण त्यांना तिथूनही दिसत होता. डोळे पुसायला रुमाल सापडेना, तेव्हा त्यांनी सवयीनं गळ्यात राहिलेल्या टेपनंच ते पुसले आणि चालत चालत तिच्यापाशी गेले.