माझ्याच प्लास्टरवर खडूचा गोल

मंडळी, आज मीरा रोडच्या साइटवर माझीच परीक्षा झाली.

आम्ही जुन्या बिल्डिंगची दुरुस्ती करतो. रंग लावायच्या आधी सुपरवायझरने सगळं नवं प्लास्टर हातोडीने ठोकून बघायचं, ही पद्धत मीच पाडलीय. आवाज बद्द आला तर आत पोकळ आहे. तिथे खडूने गोल मारायचा, आणि गोल पडला की तेवढं फोडायचं. काम कोणाचंही असो.

श्वेताला हातोडी धरायला मीच शिकवलं. याच आठवड्यात तिला सुपरवायझर केलं. आज जिन्यातली भिंत ठोकता ठोकता ती एका जागी थांबली. आवाज बद्द होता. आणि गवंडी आला नव्हता म्हणून तेवढं प्लास्टर मी स्वतः केलं होतं.

सोसायटीचे सेक्रेटरी शेजारीच उभे. मी तिला डोळ्यांनी खुणावलं, आत्ता नको. तिने ते बघितलं आणि शांतपणे गोल मारला.

"ये किसने किया?" सेक्रेटरींनी विचारलं.

"हमारी टीम ने, सर. तोड़ के फिर से करेंगे." माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

खरं सांगतो, आधी राग आला. मग मीच म्हटलं, "मैंने किया है."

सेक्रेटरी वर गेल्यावर तिने छिन्नी माझ्या हातात दिली. "दादा, चहा येईपर्यंत फोडून होईल."

झालं फोडून.

तुमच्या कामावर तुमच्यादेखत गोल मारणारं कोणी आहे का तुमच्याकडे? की तुमची नजर बघून सगळे खडू खिशात ठेवतात?