साडीत मशीन नाही

नेतृत्व जन्माला येत नाही, ते घडवावे लागते. देवासच्या आमच्या तंत्रशिक्षण संस्थेत त्या सकाळी दोन वक्त्यांनी हे सांगितले आणि ते खरेही असावे. मी ते दारापाशी उभी राहून ऐकले. औक्षण उरकले होते, ताट अजून हातातच होते. पंख्याने ज्योत तिसऱ्यांदा विझली होती. भावी नेतृत्वाच्या प्रशिक्षणासाठी निवडलेल्या नऊ शिक्षकांच्या यादीत माझे नाव चौथे होते. बाकीचे आठ पहिल्या रांगेत बसले होते. ते पुरुष होते.

मी लेथ मशीन शिकवते. वडील खानदेशातून इथल्या कारखान्यात फिटर म्हणून आले. माझी शाळा हिंदी. मराठी वाचायला त्यांनी घरी शिकवले, दर रविवारी, रागावून. आमचे प्राचार्य धारच्या जुन्या मराठी घराण्यातले. पूर्वज संस्थानात अधिकारी. त्यांचे मराठी इतके शुद्ध, की हुकूमही आशीर्वादासारखा वाटतो. पहिल्या भेटीत त्यांनी माझे आडनाव दोनदा विचारले. त्यांना कमी ऐकू येते असे नाही.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ते म्हणाले, "अहो बाई, पाहुण्यांपुढे हा वर्कशॉपचा निळा कोट? उद्या लुगडं नेसून या. घरचं कार्य समजा."

घरच्या कार्यात मी कुठे असते हे त्यांना ठाऊक होते. मलाही. मी साडी नेसून गेले.

इथवरची गोष्ट माझ्या अपमानाची आहे. ती सांगायला सोपी आहे, मी ती अनेकांना सांगितली आहे. पुढची आजवर कोणाला सांगितली नाही.

त्या प्रशिक्षणाची एक अट होती. प्रत्येक भावी नेत्याने आपला एक विद्यार्थी 'उद्याचा नेता' म्हणून पुढे करायचा. त्याने पाहुण्यांसमोर मशीनवर काम करून दाखवायचे. पाहुण्यांबरोबर कारखान्यांचे लोक येणार होते आणि पसंत पडलेल्यांची नावे शिकाऊ उमेदवारीसाठी तिथेच लिहून घेणार होते. माझ्याकडून रमीला होती. धार जिल्ह्यातल्या डहीकडच्या एका आदिवासी पाड्यावरची, इथे वसतिगृहात राहणारी. लोखंडी दांडा कापून त्यावर आटे पाडायचे, हे एकच काम तिने दोन महिने केले. शेवटी शेवटी नट तिच्या आट्यांवर एका बोटाने फिरत जाई. माझे स्वतःचे आटे इतके साफ पडत नाहीत. हे मी तिला कधी सांगितले नव्हते.

त्या सकाळी ती कोटाची सगळी बटणे लावून, केस घट्ट बांधून मशीनजवळ उभी होती. प्राचार्य आले.

"ताट घेऊन एका बाजूला तुम्ही. दुसऱ्या बाजूला कोण? ही मुलगी घ्या. डहीकडची ना? फोटोत बरं दिसतं."

तिला मशीनवर काम करायचे आहे. पाच शब्दांचे वाक्य. ते मला आले नाही. कोणी माझे तोंड दाबले नव्हते. वर्कशॉप प्रमुखाची जागा रिकामी होती आणि शिफारस प्राचार्यांनी करायची होती, एवढेच.

मी रमीलाला म्हटले, "बेटा, पाँच मिनट का काम है."

वॉर्डनबाईंची साडी मागून आणली. नेसवली मी. तीन ठिकाणी पिना लावल्या, त्याही मीच.

पाहुणे दीड तास उशिरा आले. मग औक्षण, मग भाषणे. भाषणांनंतर हारांचे तबक धरायला आम्ही दोघीच. कपडे बदलायला वेळ नव्हता. भाषणांत 'महिला सशक्तीकरण' हा शब्द आला तेव्हा एका वक्त्याने आमच्याकडे हात केला. लोकांनी वळून पाहिले, टाळ्या वाजवल्या. मी हसले. तो फोटोही आहे.

मग सगळे वर्कशॉपमध्ये गेले. माझा नंबर आला. रमीलाने तबक कपाटावर ठेवले आणि ती तिच्या मशीनकडे गेली. दांडा आधीच बसवून ठेवलेला होता. तिने बटणाकडे हात नेला.

मी म्हणाले, "रुक. साड़ी में मशीन नहीं."

हा नियम माझाच आहे. सैल कपडे, ओढणी, अंगठी घालून मशीनजवळ जायचे नाही, असे भिंतीवर मोठ्या अक्षरांत मीच रंगवून घेतले आहे. दांडा धरून फिरणाऱ्या चकात पदराचे टोक गेले तर हात जातो, कधी त्याहून जास्त. नियमाविषयी माझी काही तक्रार नाही. त्या क्षणी मी एकदम बरोबर होते. तीन पिनांसकट.

कारखान्याचा माणूस घड्याळ बघून म्हणाला, "कोई बात नहीं। नेक्स्ट।"

वेल्डिंगचे शर्मा सर माझ्या कानाशी आले. "मैडम, टेंशन मत लो. आप दोनों ने स्वागत बढ़िया किया."

आठ नावे लिहिली गेली. सगळी मुलांची. रमीला तबक परत हातात घेऊन उभी राहिली, कारण निरोपाचे नारळ द्यायचे होते.

दुपारी तिने साडीची घडी करून मला दिली. पिना वेगळ्या, कागदात बांधून. म्हणाली, "मैडम, मैंने तो बाल भी बाँध रखे थे."

मी तिला म्हणाले, पुन्हा संधी येईल. ती 'जी' म्हणाली. संधी वर्षातून एकदा येते, हे आम्हा दोघींना माहीत होते.

ती गावी गेली, नवव्या दिवशी परतली. मशीन पुसले, तेल घातले. मी शेजारी उभी होते. तिने विचारले, "मैडम, अगली बार कोट पहनूँ कि साड़ी?"

तिने टोमणा मारला नव्हता. तिला खरोखर माहिती हवी होती. ज्याच्या हाताखाली शिकतो त्याला विचारावे, तसे तिने विचारले. मान वर करून तिच्याकडे बघणे मला जमले नाही. इतकी वर्षे मला वाटत होते की अपमान सोसणारा माणूस आपोआप चांगला असतो. मी सोसला आणि ताट पुढे सरकवले. प्राचार्यांनी माझ्याशी जे केले ते मी तिच्याशी केले, आणि 'बेटा' म्हणून केले.

"कोट," मी म्हणाले. एवढेच.

महिन्याने प्रशिक्षणाचा समारोप धारला होता. प्राचार्यांचा फोन आला. "बाई, औक्षण तुमच्याकडेच हं. आणि त्या मुलीलाही घेऊन या."

मी एकटीच गेले. निळा कोट, कामाचे बूट. प्राचार्य दाराशीच होते, ताट घेऊन.

"हे काय घातलंत?"

"सर, मी ताट घेणार नाही. रमीलाही यापुढे घेणार नाही."

"अहो, आपली परंपरा आहे ती."

"मग तुम्ही ओवाळा."

त्यांचा आवाज चढला नाही. चढत नसतोच. "शिफारशीचा विचार केलात ना?"

"महिनाभर केला."

व्यासपीठावर प्रत्येकाला पाच मिनिटे होती. विषय होता, 'मी घडवलेला नेता'. मी प्राचार्यांविषयी अवाक्षर काढले नाही. मी काय केले ते सांगितले: साडी कोणी मागितली, पिना कोणी लावल्या, मशीनवरून कोणी थांबवले, आणि कोणाचे नाव यादीत नाही. टाळ्या झाल्या नाहीत. त्या व्हाव्यात असे त्यात काही नव्हतेही. खाली उतरल्यावर शर्मा सर म्हणाले, "मैडम, ये सब बोलने की क्या ज़रूरत थी?"

रमीलाची जागा त्याने परत आली नाही. वर्कशॉप प्रमुख दुसरे कोणी झाले. पण माझ्या वर्कशॉपमधली मुलगी आता कोणाच्याही स्वागताला जाणार नाही. मंत्री येवोत, कारखानदार येवोत. पाहुणे येतील तेव्हा ती मशीनवर असेल, आणि ज्यांना तिला बघायचे आहे ते मशीनपर्यंत चालत येतील. मला काढून टाकायचे असेल तर कारण म्हणून हेच लिहावे. मी सही करीन.

प्रमाणपत्र नंतर टपालाने आले. त्यात 'विशेष योगदान' अशी एक ओळ आहे. तिच्यापुढे छापले आहे: अतिथि-सत्कार.