हाराची कडी

"अकरा फ्रेमा केल्यात ना? मग बारावी का नाही?"

"कारण बारावीत मी आहे."

"म्हणूनच तर हवीय, भाऊ. रविवारी प्रदर्शन आहे माझं. भिंतीवर बारा खिळे मारून झालेत. एक मोकळा ठेवू?"

"ठेव. विचारलं कुणी, तर सांग, हा अजून जिवंत आहे."

ऋता फोटो हातात धरून फळीवर टेकली. समोर पाठमोरे भाऊ मेस्त्री, उगाचच पट्ट्यांचे तुकडे इकडचे तिकडे करत.

कन्नमवार नगरातलं त्यांचं फ्रेमचं दुकान म्हणजे एक रिक्षा जेमतेम मावेल एवढी जागा. कारखान्यात बावीस वर्षं लाकडी साचे केले, ते खातं बंद पडलं तेव्हा त्याच हत्यारांवर हे दुकान टाकलं. त्यालाही आता पंचवीस वर्षं होतील. एवढ्या काळात दुकानाचा एक कायदा कधी मोडला नव्हता. रंगीत फोटो म्हणजे लग्न, बारसं नाहीतर गणपती. काळा-पांढरा म्हणजे माणूस गेलेला. त्या फ्रेमला वरच्या दोन कोपऱ्यांत पितळी कड्या लागायच्या, हार अडकवायला. गिऱ्हाइकाला सांगावंही लागायचं नाही.

आणि ही शेजारच्या बिल्डिंगमधली पोरगी. स्वयंपाकघराच्या खिडकीला काळं कापड लावून स्वतः प्रिंट काढणारी. तिने विक्रोळीतल्या बारा माणसांना ती आपापल्या कामात असताना टिपलं होतं, सगळी काळी-पांढरी. पहिला फोटो दूधवाल्या राजेशचा आणला, तेव्हा भाऊंनी आवाज खाली आणून विचारलं होतं, कधी गेला? ऋता म्हणाली, आत्ताच, दूध टाकून. तरी हाताच्या सवयीने कड्या लागल्याच. शेवटी राजेशने स्वतः येऊन त्या पिळून काढल्या, आणि पुढचे दोन दिवस भाऊंच्या दारात दुधाची पिशवी लांबूनच ठेवली.

"बाकीच्यांचा केलात ना? त्यांना काय झालं?"

"बाकीच्यांचा बाकीच्यांनी बघायचा. माका मारूची इतकी घाई कसली तुका?" भाऊ चिडले की मालवणीत शिरतात. मग जरा खाली येऊन म्हणाले, "आणि जयंतीला दिसलं तर? नवरा भिंतीवर, काळा-पांढरा. हाय खाईल ती."

ऋताने वाद सोडला. फोटोभोवती बसवायचा माउंटचा पांढरा पुठ्ठा ओढला, पट्टी ठेवली आणि पेन्सिलीने रेघा मारायला घेतल्या. भाऊंनी मान वळवली नाही, पण कान तिकडेच.

"खाली किती सोडलंस?"

"चारी बाजूंना सारखं. तीन इंच."

"चूक. खाली चार सूत, म्हणजे अर्धा इंच जास्त हवं. सारखं ठेवलंस तर फोटो खाली घसरल्यासारखा दिसतो. खालती भार पाहिजे, माणूस नीट बसलाय असं वाटलं पाहिजे."

"घसरू दे. तुम्ही कुठे येणार आहात बघायला."

तिने कटर उभाच धरला आणि ओढला. पहिल्याच कोपऱ्यावर पातं रेघेच्या पुढे गेलं. तो आवाज भाऊंना सहन झाला नाही.

"आण इकडे. वाट लावलीस पुठ्ठ्याची."

नवा पुठ्ठा घेतला. पातं तिरकं धरलं, एका बाजूला एकच ओढ, अशा चार. मधला तुकडा न अडकता खाली पडला आणि पुठ्ठ्यातल्या चौकोनाच्या आतल्या कडेला पांढरीशुभ्र तिरपी रेघ उरली. खाली चार सूत जास्त. मग त्यांनी फोटो त्यामागे ठेवला आणि पहिल्यांदाच नीट पाहिला. फोटोत चष्मा नाकाच्या शेंड्यावर, कापलेला माउंट उजेडाकडे धरलेला, आणि चेहरा असा खुललेला की आपला आहे हे त्यांना क्षणभर ओळखूच आलं नाही. कधी काढलास, एवढंच विचारलं. गणपतीत, ती म्हणाली, तुम्हाला कळलंसुद्धा नाही.

चौकट जोडली, काच पुसली, मागचे खिळे ठोकले, कागदी टेप लावली. हात आपसूक कड्यांच्या डबीकडे गेला. दोन कड्या तळहातावर आल्या. भाऊंनी त्या पाहिल्या आणि परत डबीत टाकल्या.

तेवढ्यात जयंतीबाई जेवणाचा डबा घेऊन पायरी चढल्या. भाऊंनी घाईने फ्रेमवर पेपर टाकला. नवऱ्यापुढचा पेपर उचलण्यात बाईंची चाळीस वर्षं गेलेली. त्यांनी तो उचलला.

"झकास आलाय गं," बाई म्हणाल्या. "रविवार झाला की आमच्याकडे दे. टीव्हीच्या वर लावू."

भाऊंचे खांदे सैल झाले. ते डब्याचं झाकण उघडणार, तोच बाई फोटोवर वाकल्या.

"हे एवढं कुणाकडे बघतायत?"

"पुठ्ठ्याकडे," ऋता म्हणाली. "नुकताच कापला होता."

"पुठ्ठ्याकडे." बाई सरळ झाल्या, नवऱ्याकडे वळल्या. "काय हो, माझ्याकडे असं कधी बघितलंत तुम्ही?"

भाऊंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. चहा आणायला म्हणून फळीवरची किटली उचलली. ती काठोकाठ भरलेली होती. ती घेऊनच ते पायरी उतरले आणि चहावाल्याच्या दिशेने चालू लागले.