अठरा बुरूज आणि नानांचे पाच शिपाई

मंडळी, आज सकाळी माझं कर्णधारपद गेलं. रविवारी धुळेकरांविरुद्धच्या संगणकावरच्या लढाईत आता रावेरचे नाना जळगावचा संघ नेतील.

ठरलं होतं असं की, आमच्या दोघांत जो दोन डाव जिंकेल तो कर्णधार. दोन्ही संगणक जोडणारी वायर मीच बनवली. हे काम मला कुणी शिकवलेलं नाही. खेळातल्या माझ्या किल्ल्याचा नकाशाही आलेखाच्या कागदावर मोजून आखला होता, अठरा बुरुजांसह.

पहिल्या डावात माझा नववा बुरूज बांधून होत असताना नानांचे शिपाई आत शिरले. फक्त पाच! माझ्याकडे तेव्हा नुसते लाकूडतोडे.

दुसऱ्या डावात मी घाईने सगळं सैन्य पाठवलं. ते वाटेत असतानाच नानांनी माझं रिकामं गाव जाळलं.

"नाना, नेमकी वेळ कशी कळते?"

नानांची केळीची बाग आहे. म्हणाले, "भाऊ, घड हिरवाच कापा लागते. झाडावर पिकला त दिल्लीले काय पोचीन? पन कवळा बी नाई चालत. रोज बागात जाऊन पाहा लागते."

मग आठवलं, दोन्ही डावांत नानांचा एक घोडेस्वार सतत माझ्या गावाभोवती फिरत होता. ते माझ्याकडे पाहत होते आणि मी माझ्या कागदाकडे.

रविवारची तटबंदी नानांनी माझ्याकडेच दिली आहे. पण बुरूज चारच, अशी सक्त ताकीद आहे.

धुळेकरांनो, तुमची पहिली स्वारी कितव्या मिनिटाला निघते? खरं सांगणार नाही, ठाऊक आहे. तरी विचारून ठेवतो.