हाली बंद झाल्यावरचा बाजार

आमचं गाव चिखली तालुक्याच्या पार शेवटाला. ओढा ओलांडला की जालन्याकडचा मुलूख. इकडं इंग्रजांचा कलदार रुपया चालायचा, तिकडं हैदराबादच्या निजामाचं हाली नाणं. मंगळवारच्या बाजाराला दोन्हीकडची माणसं यायची, आणि मी लिंबाखाली सतरंजी टाकून नाणी बदलून द्यायचो. सात हालीचे सहा कलदार, वर माझा थोडा बट्टा. माझे वडीलही हेच करत आले होते.

मग हाली बंद झालं. महाराष्ट्र झाला तोवर ओढ्याच्या दोन्ही काठांना एकच रुपया चालू लागला होता. मी तरी मंगळवारी सतरंजी टाकायचोच. घरी बसून करणार काय?

पलीकडच्या गावची एक विधवा लाल मिरची विकायला यायची. बट्ट्यावरून दर बाजारी माझ्याशी भांडायची, पण नाणी बदलायची ती माझ्याकडंच. आता बदलायला काही नव्हतं. तरी एका मंगळवारी गाठोडं उतरवून माझ्यापाशी टेकली.

"भाऊ, खरं सांगा, मिरचीला जास्त भाव कुठं हाय?"

खोटं सांगून तिला याच बाजारात धरून ठेवता आलं असतं. पण त्याचाही कंटाळा आला होता.

"चिखलीले जा," मी म्हणालो. "आता तुमचाच रुपया तिथंबी चालते. कोणाले बट्टा द्याचं काम नाही."

पुढच्या मंगळवारी ती आली नाही. हळूहळू तिच्या गावचे बाकीचेही एस.टी.नं थेट चिखलीला जाऊ लागले. शेजारचा हॉटेलवाला माझ्यावर कावला, "काऊन बे, तूच लोकायले तिकडं धाडून राह्यला! आमी काय खावं?"

"मी नसतं सांगतलं तरी गेलेच असते," मी म्हणालो. ते खरंच होतं, पण म्हणून बरं वाटलं नाही.

पावसाळा सरेपर्यंत बाजारात जेमतेम दहा-बारा दुकानं उरली. मी चिखलीत एका अडत्याकडं माल तोलायला लागलो. मिरचीच्या खकाण्यानं दिवसभर डोळे चुरचुरायचे, संध्याकाळी पाय सुजायचे. तिथंच एकदा ती मिरचीवाली काट्यासमोर उभी राहिली. अंगावर नवं लुगडं होतं. मला पाहून तिचा चेहरा उतरला.

"भाऊ, माझ्यामुळं झालं का हे?"

"नाही हो बाई. तुमचं बरं चाललं ना?"

तिनं मिरचीचं पोतं माझ्याकडं सरकवलं. मागं रांग लागली होती. मी ते काट्यावर चढवलं, वजन मोठ्यानं सांगितलं आणि पुढच्याला हाक मारली.